चौथी आणि दहावी नळी

संगणकीय जीवशास्त्राच्या वर्गाचे नियम दीड पानाचे आहेत आणि ते मी टाईप केलेले आहेत. गृहपाठ पाच, मिळून चाळीस मार्क. लेखी परीक्षा तीस, प्रोजेक्ट तीस. पास व्हायला पन्नास. उशीर झाला की दर दिवसाला एक मार्क कापायचा. सबब चालणार नाही. हे शेवटचं वाक्य वर्ग घेणाऱ्या सरांनी सांगितलेलं नव्हतं, ते मी पदरचं घातलं. तपासणारा मीच, तेव्हा तेवढा हक्क मला आहे असं वाटत होतं.

त्या वर्षी वर्गात ताई आल्या. ताई म्हणजे खालच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काम करणाऱ्या बाई. उंदराच्या यकृताचा तुकडा वाटायचा, नळीत भरायचा, नळीवर नंबर घालायचा, नळी फ्रीझरमध्ये ठेवायची. हे काम त्यांच्याइतकं नीट कुणी करत नाही असं सगळे म्हणायचे, आणि म्हणून झालं की वर निघून जायचे. आता नवं फर्मान निघालं होतं: प्रयोगशाळेत राहायचं तर हा कोर्स पास व्हा, नाहीतर मागच्या इमारतीतल्या भांडारात बदली. तिथे दिवसभर काचेची भांडी मोजून द्यायची असतात. "बोलायला बाटल्या सोडून कुणी नाही रे तिथे," एवढंच ताई म्हणाल्या.

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या पहिल्या बाकावर येऊन बसल्या. एक कंस राहिला तर अख्खा प्रोग्रॅम चालत नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. "एवढ्याशा कंसासाठी रुसून बसतो म्हणजे काय?" घरी लेक शिकवायची, त्यावरून मायलेकींची भांडणं व्हायची आणि ती दुसऱ्या दिवशी आम्हाला सविस्तर कळायची. दुसरा गृहपाठ दोन दिवस उशिरा आला, कारण ते दोन्ही दिवस सरांच्याच प्रयोगासाठी त्या उंदरांपाशी अडकल्या होत्या. मी दोन मार्क कापले. सबब चालणार नव्हती. प्रोजेक्टच्या आधी त्यांचे एकोणतीस झाले होते. म्हणजे तिसातले एकवीस हवे होते.

प्रोजेक्टला आकडे दिले होते ते आमच्याच विभागाचे, सहा वर्षांपूर्वीच्या बारा नळ्यांचे. सहा यकृताच्या, सहा मूत्रपिंडाच्या. कोणतं जनुक किती काम करतं ते मोजलेलं. प्रोग्रॅम आलेख काढतो. यकृतं एका कोपऱ्यात जमतात, मूत्रपिंडं दुसऱ्या. फक्त चौथी नळी यकृताची असून मूत्रपिंडांत जाऊन बसते आणि दहावी मूत्रपिंडाची असून यकृतांत. प्रश्न होता: जो नमुना वगळाल त्याचं कारण लिहा, पुराव्यासह: दहा मार्क. सगळ्या वर्गाने ‘नैसर्गिक फरक’ लिहून हात झटकले. सरांच्या छापील लेखातही तेच होतं. आणि त्या नैसर्गिक फरकावर मी सरांच्याच हाताखाली तीन वर्षं पीएचडी करत होतो. एकशे चाळीस पानं झाली होती. नळ्यांची अदलाबदल झाली असेल ही शंका कुणालाही येईल. मलाही पहिल्या वर्षी आली होती. मी तिला दारातूनच परत पाठवली.

ताईंनी लिहिलं होतं: ‘चार आणि दहा या नळ्यांची झाकणं बदलली आहेत. माझ्याच हातून बदलली.’ मशीनवाले झाकणावरचा नंबर वाचतात. ताई मात्र आपल्या सवयीने नळीच्या अंगावरही नंबर घालायच्या. फ्रीझरच्या तळातून त्यांनी उरलेल्या नळ्या शोधून काढल्या होत्या आणि फोटो जोडला होता. झाकणावर चार, अंगावर दहा. शेजारी झाकणावर दहा, अंगावर चार.

मी फोटो मोठा करून पुन्हा बघितला. मग शेरा लिहिला, ‘पुरावा अपुरा’, आणि दहापैकी दोन दिले. बाकीच्या दोन प्रश्नांना सात आणि सात. आधीचे एकोणतीस धरून बेरीज पंचेचाळीस. बेरीज मी दोनदा तपासली, कारण चुकीचे मार्क दिलेले मला आवडत नाहीत.

निकाल लागला त्या दुपारी मी बर्फ आणायला खाली गेलो. ताई कपाट आवरत होत्या. डबा, चष्म्याचं घर, जुनी डायरी पिशवीत गेली होती. मग नव्या येणाऱ्या माणसासाठी त्या चिठ्ठ्या चिकटवायला लागल्या. ‘या फ्रीझरचं दार जोर लावून दाबावं.’ ‘हा वजनकाटा थोडं जास्त दाखवतो.’ मला लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. बर्फ न घेताच मी वर आलो.

मार्क बदलायचे तर विद्यार्थ्याचा अर्ज लागतो, हाही नियम माझ्याच टायपातला. तेव्हा स्वतःविरुद्धचा अर्ज मीच भरला आणि सहीला घेऊन खाली गेलो.

ताईंनी तो वाचला आणि परत दिला. "नको रे. तू कशाला चुकीचे देशील? माझाच फोटो जरा हलला होता."

"फोटो चांगला होता, ताई."

"मग?"

मग सांगावं लागलं. तीन वर्षं, एकशे चाळीस पानं, सगळं त्या दोन झाकणांवर उभं. मी जमिनीकडे बघून बोलत होतो.

"आता तुझं काय होणार?"

"सरांना सांगायचं. नवा विषय घ्यायचा."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

त्यांनी पेन मागितलं. सही केली, खाली तारीख घातली. अर्ज माझ्या हातात देताना त्यांनी तो क्षणभर सोडला नाही.

"तीन वर्षांत एकदा तरी विचारायचंस," त्या म्हणाल्या. "फ्रीझर उघडून दाखवला असता. मी इथेच होते रे."