सेटल म्हणजे काय

एका इंग्रजी क्रियापदापायी ज्याची जमत आलेली इतकी लग्नं मोडली असा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो माझा मावसभाऊ आहे.

चौसाळ्यात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची जळालेली मोटार आली की ती उघडायच्या आधी ती का जळाली, तेव्हा मालक कुठे होता, इतकी चौकशी करायचा की गिऱ्हाइकाला आपण पोलीस ठाण्यात आल्यासारखं वाटे. मुली बघायला जाताना हीच खोड त्याच्यासोबत जायची. घरोघरी एकच प्रश्न, मुलगा सेटल आहे का? दुसरा कुणी मान हलवून पोह्यांकडे वळला असता. हा पठ्ठ्या बशी खाली ठेवून अदबीनं विचारायचा, "सेटल म्हंजी तुमच्या लेखी काय?" कुणी म्हणे नोकरी, कुणी म्हणे पुण्यात फ्लॅट. एका घरी तर मुलीचे आजोबा आणि वडील यांच्यातच जुंपली आणि आम्ही गुपचूप चपला घालून निघालो.

गेवराईकडच्या एका पुढाऱ्यानं वाळूचं भांडण सेटल केल्याचं कानावर आलं, तेव्हा मला मोटरसायकलवर मागे बसवून हा तिथे हजर. भांडण मिटलं, दाबलं की पुढे ढकललं, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. पुढाऱ्याच्या माणसांनी चहा पाजला, पण त्यांच्या नजरा बघून मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. वाटेत म्हणतो कसा, "समदे हाच शब्द बोलत्यात, अन कुणालाच ठावं न्हाई?" मावशी मात्र रडकुंडीला आली होती. लेकाचे केस विरळ होत चालले होते, आणि स्थळं त्याहून विरळ.

मग आष्टीचं स्थळ आलं. मुलीच्या मामांनी तोच प्रश्न विचारला, यानं तोच उलटा विचारला. मामांचा चेहरा उतरला. चहा घेऊन आलेली मुलगी मात्र म्हणाली, "मलाबी माहीत न्हाई. कळलं तर सांगा."

दुसऱ्या दिवशी मामांचा नकार आला. पण याला काम मिळालं होतं. मी इंग्रजी शिकवतो, म्हणून रोज दुपारी त्याचा मला फोन. शेवटी मी कोश उघडून सांगितलं की फार जुन्या इंग्रजीत या शब्दाचं मूळ म्हणजे बसायची जागा, साधं बाकडं. त्यानं दुकानाला कुलूप घातलं आणि थेट आष्टी गाठली. अंगणात उभ्या उभ्या, मामांच्या देखत, त्यानं तिला ते सांगून टाकलं. मामा तोंड उघडायच्या आत तिनं खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाली, "मग उभे कावून? बसा की." मामांनाही हसू आवरलं नाही, असं तो सांगतो.

लग्न झालं. आता तीही दुकानात असते. शब्दांवरून दोघांचा वाद चालू असतो आणि गिऱ्हाईक ताटकळतं. मावशी खूश आहे, मीही आहे. फक्त दुपारचा तो फोन बंद झाला. जेवण झालं की मी अजून मोबाईल जवळ घेऊन बसतो. कोशात काही गमतीचं सापडतं, पण ते सांगावं असं दुसरं कुणी आठवत नाही, आणि मग जरा वाईट वाटतं.