परक्या ठरलेल्या कोप्या

मराठवाडा वेगळा देश झाल्याची बातमी मी शाळेच्या ओट्यावर रेडिओवर ऐकली. बहात्तरचा दुष्काळ तोंडावर होता. मी नेवासे तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका होते. शाळेमागच्या माळावर बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळीच्या, पाचटानं शाकारलेल्या कोप्या होत्या. दोनच दिवसांत त्यांचा मुकादम पसार झाला. तोड संपत आली होती, पण आता आपल्याच गावी जायला त्यांना कागद लागणार होता.

टोळीतली एक बाई रोज शाळेच्या पायरीशी येऊन बसायची. चार वर्षांची लेक तिनं गावी सासूजवळ ठेवली होती, आणि सासू दम्यानं बेजार.

"बाई, पत्र आलं का?"

तिच्यासाठी मी लिहिलेली दोन्ही पत्रं शिक्का मारून परत आली होती. पहिलं तिला दाखवलं. दुसरं दाखवायचा धीर झाला नाही, ते टेबलाच्या खणात सारलं. "टपाल तुंबलंय," असं सांगत राहिले. ती दारात दिसली की मी वह्या तपासायला घ्यायचे.

एके दिवशी ती म्हणाली, "म्या चालत जाते आता. काय व्हायचं ते होऊ द्या."

मग मात्र मी ते पत्र तिच्यासमोर ठेवलं.

"ठावं हुतं मला," ती म्हणाली. "तुमी माझ्याकडं बघतच न्हवता."

मी रजा टाकली आणि तिच्याबरोबर निघाले. बैल सोडून तिच्या नवऱ्याला येता येईना. पाथर्डीपर्यंत एस.टी., पुढं पायी. माळरानात एका जागी रस्त्यावर आडवा बांबू बांधला होता. आपल्याकडच्या शिपायानं वही पुढं केली, अंगठा घेतला. पलीकडच्यानं हात आडवा धरला.

"कागद?"

"न्हाई."

"मग तू तिकडचीच."

मी म्हणाले, "अहो, तिची बोली तरी ऐका!" त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिला गाव विचारलं. मग म्हणाला, "पानी कुठून भरता?"

"खालच्या बारवंतून. पर यंदा आटली आसंल. मंग वढ्यात झिरा खांदावा लागतो."

त्यानं आडवा धरलेला हात खाली घेतला.

"आटली," म्हणाला, आणि बांबू वर केला.

ती वाकून पलीकडं गेली आणि झपझप चालत सुटली. मागं वळून पाहिलं नाही. परतीच्या एस.टी.त मला एकच घोर लागला होता. घरी तिला काय दिसेल?

तीन आठवडे काहीच कळलं नाही. तिचा नवरा येऊन उभा राहायचा, मी नकारार्थी मान हलवायचे. मग मेंढरं घेऊन आलेल्या एका धनगरानं निरोप आणला: लेक, सासू दोघी बऱ्या आहेत. मी धावत कोपीकडं गेले. नवरा दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला.

पोरीनं आईला दोन दिवस ओळखलंच नाही, असंही धनगर म्हणाला होता. तेवढं मी तिच्या नवऱ्याला सांगितलं नाही.