उशीखाली सापडलेला पासपोर्ट

मिसिसागाच्या आमच्या मराठी मंडळात जुनी माणसं जमली की अजूनही कुणीतरी म्हणतं, "ती अलास्काची गोष्ट सांगा ना, वहिनींच्या पासपोर्टची." मी ती इतक्या वेळा सांगितली आहे की कुठे थांबायचं आणि हशा कुठे येतो, हे मला पाठ झालंय. माझे थोरले भाऊ आणि वहिनी पुण्याहून आले होते. ते दोघं, मी आणि माझी बायको असे चौघं व्हँकुव्हरहून अलास्काच्या क्रूझवर गेलो. वाटेत एका बंदरावर उतरून बस आणि रेल्वेच्या सहलीला निघालो. सरहद्दीवर कळलं की जन्मात काही न विसरणाऱ्या वहिनी पासपोर्ट बोटीवर विसरून आल्यात. आणि परत जाऊन बघतो तर काय, पासपोर्ट उशीखाली! इथे सगळे हसतात.

ती उशी गोष्टीत मी घातलेली आहे. विसरलो होतो तो मी. गेली काही वर्षं हे सांगायचं राहिलं, राहिलं, आणि आता सांगायला गेलो तर जे घडलं त्याने मी अजून सावरलेलो नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

वहिनी पुण्यात एका शाळेत गणित शिकवत, पुढे मुख्याध्यापिका झाल्या. मी इंजिनियरिंगला असताना त्यांच्याच घरी राहत होतो. माझ्या चष्म्याच्या घरापासून घराच्या खरेदीखतापर्यंत सगळं त्यांना अंधारातही सापडायचं. दादांना स्वतःचे बनियन कोणत्या कप्प्यात असतात हे निवृत्त होईपर्यंत माहीत नव्हतं. दादा रेल्वेत होते. साऱ्या नोकरीभर घाटातली लाईन सांभाळली. त्यामुळे अलास्कातल्या त्या छोट्या डोंगरी गाडीचं नाव काढल्याबरोबर ते लहान मुलासारखे उठून बसले होते.

त्या बंदराचं नाव स्कॅग्वे. सोन्याच्या शोधात माणसं आली तेव्हा बांधलेली अरुंद रुळांची गाडी तिथून घाट चढून कॅनडात जाते. बोटीवाल्यांची सहल गाडीने वर नेऊन गाडीनेच खाली आणायची, वर कुठे उतरायचं नाही. मी मात्र घरूनच इंटरनेटवर एक स्वतंत्र सहल बुक केली होती. वर जाताना बस, फ्रेझरला कॅनडाच्या हद्दीत उतरायचं, आणि खाली येताना रेल्वे. म्हणजे दादांना घाट दोन्ही अंगांनी दिसला असता. हे खरं कारण. पण दुसरंही एक होतं. इतकी वर्षं कॅनडात काढल्यावर छातीवर नंबरचं स्टिकर लावून बोटीच्या मुलीमागे चालायचं मला कमीपणाचं वाटत होतं.

आदल्या दिवशी जेवताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बोटीचीच घेऊ या का? त्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, त्यांच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते. बाहेरच्या सहलीला नाही थांबत."

"वहिनी, त्यांना त्यांची विकायची असते. ती म्हणणारच."

"शिवाय आपली हद्द ओलांडते. पासपोर्ट लागणार."

"लागणारच. माझ्याकडे आहेत की."

"माझा माझ्याकडे राहू दे ना."

"अहो, इथे मी आहे ना!"

दादा हसले. "अगं, दे ना त्याला. तुला सगळं स्वतःच्या पर्समध्ये कशाला हवं?"

आपल्याकडे प्रवासात सगळ्यांची कागदं एका पुरुषाच्या कमरेला असतात. माझ्या बायकोने लग्नानंतर विमानतळावर स्वतःचा पासपोर्ट फक्त अधिकाऱ्यासमोर हातात धरला असेल. व्हँकुव्हरला बोटीत चढल्यापासून चारही पासपोर्ट माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये होते.

त्या संध्याकाळी बोटीवर फॉर्मल नाईट होती. मी सूट घातला होता. जेवणानंतर मनात आलं, भारतीय पासपोर्टवर तिथे ये-जा करता येते ना, विचारून ठेवावं. दादा-वहिनींचे व्हिसे सारखेच, म्हणून वरचा एकच काढला आणि काउंटरवर गेलो. तो वहिनींचा होता. मुलीने बघून चालेल म्हणून सांगितलं. मी तो सूटच्या आतल्या खिशात टाकला आणि केबिनमध्ये येऊन सूट हँगरला लावला.

सकाळी विंडचीटर घालून निघालो. बसमध्ये चढताना ड्रायव्हरने विचारलं, पासपोर्ट आहेत ना सगळ्यांचे? मी पाऊचवर थाप मारली आणि म्हटलं, "ऑल फोर."

घाट सुंदर होता. दादा खिडकीला नाक लावून समोरच्या डोंगरातली रेल्वेलाईन शोधत होते. "बघ, बघ, तो पूल! लाकडी आहे तो. येताना आपण त्यावरून!" वहिनी त्यांच्याकडे बघून हसत होत्या. फ्रेझरला कॅनडाचा नाका आला. समोरच स्टेशन होतं, गाडी उभीसुद्धा होती. अधिकारी बसमध्ये चढला आणि मी पाऊच उघडला.

तीन निघाले. मी पाऊच उलटा केला. तीनच.

सूट मला त्याच क्षणी दिसला. केबिनचं कपाट, हँगर, आतला खिसा. दादा मागून विचारत होते, "काय झालं रे? काय झालं?" अधिकाऱ्याने विचारलं, कुणाचा नाही? सगळी बस आमच्याकडे बघत होती.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग त्या शाळेतल्या स्वच्छ इंग्रजीत अधिकाऱ्याला म्हणाल्या, पासपोर्ट माझा आहे, चूक माझी आहे, मी तो केबिनमध्ये विसरले.

मला वाटलं मी ऐकण्यात चुकलो. दादांचा आवाज चढला. "विसरलीस? तू? आज? आजच सापडला तुला दिवस?" माझी बायको म्हणाली, "असू दे हो दादा, होतं." आणि मी बोललो नाही. तोंड उघडायला एक क्षण लागतो. तो गेला, मग पुढचा गेला.

पासपोर्टशिवाय वहिनींना कॅनडात पाऊल टाकता येणार नव्हतं. परत खाली जाणाऱ्या बसने त्यांना अमेरिकेच्या नाक्यावर सोडायचं ठरलं. वहिनी म्हणाल्या, "मी जाते एकटी. तुम्ही गाडी बघा." दादा त्यांच्याबरोबर परतायला खाली उतरले. मी म्हटलं, "मीही येतो."

"तू कशाला?" दादा म्हणाले. "एकीच्या विसरण्यापायी चौघांनी का खोळंबायचं? जा, गाडीचे फोटो आण माझ्यासाठी."

आणि मी गेलो. हे मंडळात कधी सांगितलं नाही. बायकोला घेऊन मी गाडीत बसलो. खरं सांगायचं तर वहिनींच्या शेजारी बसावं लागलं नाही म्हणून सुटल्यासारखं वाटलं. बोगदे आले, तो लाकडी पूल आला, लोक आ वासून खाली बघत होते. मला आठवतात ती समोरची दोन रिकामी आसनं. फोटो मी काढले. सगळे हलले.

अमेरिकेच्या नाक्यावर दादा-वहिनींना बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं होतं. बोटीला फोन झाले, यादीत नाव तपासलं आणि मग सोडलं. आमच्यामागून ते बोटीवर पोचले तेव्हा बोटीचा जिना काढायची तयारी चालली होती.

मी सूटच्या खिशातून पासपोर्ट काढला आणि त्यांच्या केबिनचं दार वाजवलं. दादा आंघोळीला गेले होते. वहिनींनी पासपोर्ट हातात घेतला, उघडून फोटो पाहिला, सवयीने मुदतही बघितली.

"कुठे होता?"

"माझ्या सुटात. वहिनी, मी दादांना सांगतो."

"मुळीच नाही. आज यांची गाडी चुकलीय. तुम्हाला काहीतरी बोलून बसतील आणि तुम्ही दोघं भाऊ वर्षभर बोलणार नाही. माझ्यावरचा राग उद्याच्या चहापर्यंत टिकत नाही यांचा."

टिकला. रात्री जेवणाच्या टेबलावर कॅलगरीचं एक गुजराती जोडपं होतं. दादांनी त्यांना हिंदीत सगळा प्रसंग सांगितला. त्या बाईंनी विचारलं, "फिर मिला कहाँ?" दादांनी माझ्याकडे पाहिलं, कारण पासपोर्ट मी शोधून दिला एवढं त्यांना कळलं होतं. वहिनी ताटात बघत होत्या. मी म्हणालो, "तकिये के नीचे." टेबल हसलं. दादाही हसले, दिवसभरात पहिल्यांदा. मला इतकं हलकं वाटलं की पुढे मंडळात पहिल्या खेपेला ती गोष्ट मी आपणहून सांगितली.

नंतर ती घरातली गोष्ट झाली. दादांना तर खेळणंच मिळालं. "चावी माझ्याकडे दे, तुझ्या उशीखाली जागा नसेल." "कोथिंबीर विसरलीस? उशी झटकून बघ." पुण्याच्या फोनवर हे मागून ऐकू यायचं. वहिनी सुरुवातीला गप्प राहत. मग त्याही हसायला लागल्या. मला वाटलं, माफ केलं त्यांनी मला.

दादा गेले. वहिनी इथून तासाभरावरच्या किचनर गावी मुलाकडे राहायला आल्या. पुतण्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, मनाने फार चांगला मुलगा. गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा वहिनी चहा करायला उठल्या आणि स्टोव्हपाशी थबकल्या. नात सोफ्यावरून ओरडली, "आजी, नो स्टोव्ह! वेट फॉर मॉम!" वहिनी निमूट परत येऊन बसल्या. ज्या बाईने साऱ्या शाळेच्या परीक्षा सांभाळल्या, तिला चहा करायची परवानगी नव्हती. घराची चावी नव्हती. गोळ्या पुतण्याच्या कपाटात.

वहिनींना पुण्याला जायचं होतं. जुन्या विद्यार्थिनी जमणार होत्या, त्यांनी आग्रहाने बोलावलं होतं. मी पुतण्याला बेसमेंटमध्ये गाठून विचारलं, "का पाठवत नाहीस?"

"काका, एकटीला फ्लाइटमध्ये कसं बसवू? तुम्हाला तर हिस्टरी माहितीये."

"कसली हिस्टरी?"

"अलास्का. तिथूनच स्टार्ट झालं ना तिचं. डॉक्टरांनी विचारलं, विसरणं केव्हापासून, तर आम्ही तेच सांगितलं."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. डॉक्टर काय म्हणाले, विचारलं. तसं वयाच्या मानाने सगळं ठीक आहे, पण लक्ष ठेवा, म्हणाले. "ती स्वतःच म्हणते काका, माझ्याकडे काही देऊ नका म्हणून."

माझा विनोद डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचला होता. घरी येताना हायवेवर दोनदा एक्झिट चुकलो.

पुढच्या महिन्यात वहिनींचा नवा पासपोर्ट आमच्या पत्त्यावर आला. जुन्याची मुदत संपत आली होती आणि पासपोर्टची कचेरी आमच्या बाजूला, म्हणून पुतण्याने ते काम माझ्याकडे दिलं होतं. तो घेऊन मी किचनरला गेलो. सगळे टेबलाशी बसल्यावर मी सांगून टाकलं. सूट, आतला खिसा, नाका, वहिनींनी स्वतःवर घेतलेली चूक, मी बनवलेली उशी. एकही गोष्ट लपवली नाही. पुतण्या माझ्याकडे बघतच राहिला.

वहिनी मान हलवत होत्या. "काहीतरीच काय भाऊजी! मीच विसरले होते."

मला वाटलं, पुन्हा मला वाचवतायत. म्हटलं, "वहिनी, आता दादा नाहीत. आता कोण रागावणार? तुमच्या केबिनच्या दारात मी तुमच्या हातात दिला. तुम्ही उघडून मुदत बघितलीत. आठवा."

त्यांनी खरंच आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घालून, फळ्यावरचं गणित तपासावं तसा. मग त्यांचा चेहरा निवळला.

"नाही हो. मला चांगलं आठवतंय. बोटीवर आलो, यांनी चिडून पांघरुणं उलटीपालटी केली आणि मी उशी उचलली. मोठी पांढरी उशी, कडेला निळी पट्टी. खाली पासपोर्ट. मला अजून ती पट्टी दिसते."

निळी पट्टी मी कधीही कुणाला सांगितली नव्हती. ती त्यांची त्यांना दिसत होती. माझ्या थापेला त्यांनी खोली दिली होती, बिछाना दिला होता, आणि दारातला मी तिथून पुसला गेलो होतो.

"शपथ घेतो, वहिनी."

"शपथ कशाला घेताय?" त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्ही पहिल्यापासून असेच. दुसऱ्याचं स्वतःच्या अंगावर घ्यायचं. मला पुण्याला जाता यावं म्हणून चाललंय ना हे सगळं?" मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "बघ रे, काका किती खोटं बोलतात माझ्यासाठी."

पुतण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणावर विश्वास ठेवून, ते मला कळलं नाही. तो एवढंच म्हणाला, "इट्स ओके, काका."

निघताना मी नवा पासपोर्ट काढला आणि पुतण्याला न देता वहिनींपुढे धरला. "वहिनी, हा तुमचा. तुमच्या पर्समध्ये ठेवा."

त्यांनी दोन्ही हात पटकन शालीत ओढून घेतले.

"नको, नको. त्याच्याकडे द्या. माझ्याकडे राहायचा नाही."

मी धरून उभा होतो. शेवटी पुतण्याने तो माझ्या हातातून हळूच घेतला. वहिनी समाधानाने हसल्या आणि म्हणाल्या, "आता बरं झालं."