उपाशी ससा
कोथिंबीर निवडायला घेतली, की त्या ओल्या वासासोबत मला आमच्या सशाच्या नसबंदीचा दिवस आठवतो. वयात आल्यापासून तो सोफ्यावर, पडद्यावर, बाबांच्या पायांवरसुद्धा मुतायचा, म्हणून समता कॉलनीतल्या जनावरांच्या दवाखान्यात तारीख घेतली होती. "ऑपरेशन आहे तं उपाशीच जा लागते," म्हणत आईने रात्रीच त्याचं गवत उचललं, आणि एकट्याला उपाशी कसं ठेवायचं म्हणून सकाळी स्वतःही चहा घेतला नाही. हे तिने डॉक्टरीणबाईंना कौतुकाने सांगितलं, तर त्यांनी कपाळालाच हात लावला. "दीदी, खरगोश को उल्टी होती ही नहीं. इसे भूखा नहीं रखते, पेट रुक गया तो जान जाती है." आईचा चेहरा उतरला. बाईंनी आधी त्याला खाऊ घातलं, मग दुपारी ऑपरेशन केलं, आणि लेंड्या पडल्या की पोट चालू झालं समजा, असं सांगून घरी पाठवलं. घरी तो भिंतीकडे तोंड करून बसला. आई फरशीवर बसून कोथिंबिरीची काडी धरून विनवत राहिली, "खाय ना रे बाबू, चुकलं माह्यं." दिवेलागणीला त्याने काडी ओढली, करकर चावली, आणि बऱ्याच वेळाने चार लेंड्या टाकल्या. रोज लेंड्या झाडताना त्याचा उद्धार करणारी आई टाळ्या वाजवत ओरडली, "हागला रे, हागला!" मगच तिने चहा ठेवला. ससा आता म्हातारा झालाय, पण आजही आई सकाळी उठून आधी त्याच्या लेंड्या बघते, आणि मगच गॅस पेटवते.