पळवून नेलेल्या पोरीचं पुस्तक आणि आमची गल्ली

ते पुस्तक मी वाचायला घ्यायलाच नको हुतं, असं आमची आत्ती अजून म्हणती. आत्ती म्हंजे माझी सासू. पण वाचनालयात माझं नाव तिनंच घातलंतं, हे ती कुणाला सांगत न्हाय.

हितं कसबा बावड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाला दोन खोल्यांचं वाचनालय हाय. तिथल्या बाईंनी गल्लीतल्या बायकांसाठी शनिवारची दुपार धरली. एकच पुस्तक हातोहात फिरवायचं आणि मग सगळ्यांनी बसून ज्येला जे वाटलं ते बोलायचं. माझी शाळा आठवीत सुटली, चार माणसांत बोलायचं म्हटलं की छातीत धडधडतंय, मी कशाला जाते? पण आत्तीला वाचता येत न्हाय आणि गोष्टीची हौस लई. म्हणाली, "तू वाच, मी ऐकतो. टीव्हीवर फुडं काय हुणार ते मला आदीच कळतंय आता."

तर पहिलंच पुस्तक आलं ते पोरगी पळवल्याचं.

पाच वर्षांची पोरगी, शाळेच्या व्हॅननं जाती. एक दिवस व्हॅनवर नवाच माणूस येतोय, "दादा आजारी आहेत, आज मी आलोय" म्हणतोय, आणि आई पोरीला बसवून देती. चौथ्या पानावर पोरगी गायब. मग ती आई, एक पोलीस बाई, आणि सारखं घड्याळ, इतके वाजून इतकी मिनिटं. तीन-तीन पानांचा एकेक भाग, आणि भाग संपताना कुणीतरी दार वाजवणार न्हायतर फोन वाजणार, ठरल्यालं.

आता माझ्या लेकीला बी पाचवं लागलंय. ह्याच जूनला बालवाडीत घातली. ती बी व्हॅननंच जाती.

मला पटापट वाचता आलं असतं तर निभावलं असतं बघा. शेजारच्या मॅडम हायस्कूलला शिकवत्यात, त्यांनी रविवारी जेवणं झाल्यावर पुस्तक धरलं आणि चहाच्या टायमाला मिटलं. म्हंजे त्यांच्याकडं ती पोरगी तीन तास गायब हुती. मी बोट ठेवून वाचते, त्यात आत्तीला मोठ्यानं वाचून दाखवायचं, मधीच दूध उतू जातंय, मधीच लेकीला शी येती. माझ्याकडं ती पोरगी आठ दिवस झालं तरी सापडंना. भाकरी थापताना बी डोक्यात तेच, कुठं असंल, काय खाल्लं असंल, कुणी पांघरूण तरी दिलं असंल का.

कुणाला विचारावं, "शेवटी सापडती का ओ?" तर सगळी हसायची. सांगायची न्हाईत. मतं मात्र सगळ्यांची तयार.

आमचे मालक कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला हाईत. त्यांनी कंपनीच्या बसमधी पहिली वीस पानं वाचली आणि एकदम खूश. "काय पळवलंय गं! श्वास घ्यायला सवड न्हाय. बस गेटवर थांबली तरी मला कळलं न्हाय."

मॅडमना अजिबात पटलं न्हाय. "नुसते धावतात सगळे. कुणी जेवत नाही, कुणी आंघोळ करत नाही. एवढ्या जाड पुस्तकात एकदा तरी कुणी भाजी निवडली का?"

"पोरगी गायब झाल्यावर भाजी कोण निवडंल ओ मॅडम?" मी म्हटलं.

"निवडावी लागते गं. घरात बाकीची माणसं असतात."

आणि आत्ती. ती तांदूळ पाखडत ऐकायची आणि त्या आईचा भाग आला की सूप खाली आपटायची. "ही काय आई हाय व्हय? सोफ्यावर बसून रडत बसलीया. आगं बोंबल की! दारात ये, गल्ली गोळा कर! गप बसून कुणाचं पोरगं घरला आलंय?"

"आत्ती, मोठी बिल्डिंग हाय ती. तिथं गल्ली न्हाय."

"मग ऱ्हावं कशाला असल्या ठिकाणी?"

हे आत्तीचं बोलणं माझ्या डोक्यात बसलं, आणि तिथंच घोळ झाला.

मंगळवारी सकाळी साडेआठला व्हॅन आली. मी लेकीला आत बसवली, दप्तर दिलं, पाण्याची बाटली दिली, आणि वर बघितलं तर स्टेअरिंगवर आमचे व्हॅनवाले काका न्हाईत. दुसराच माणूस. दाढी वाढल्याली, डोळ्याला काळा गॉगल.

"ओ पावणं," मी म्हटलं, "काका कुठं हाईत?"

"दाजी आजारी हाईत ओ," तो म्हणाला, "आज मी आलोय."

पुस्तकातलंच वाक्य की हो ते! लेकीला दंडाला धरून बाहेर ओढली आणि अशी बोंब ठोकली, "आवो पळा, पळा! पोरं पळवून न्यायलाय ह्यो!" माझा आवाज एवढा हाय हे मलाच म्हाईत न्हवतं. दूधवाला किटली ठेवून पळत आला, गिरणीवाल्या मावशी पिठानं पांढऱ्या झाल्याल्या तशाच आल्या, दोघी आयांनी आपापली पोरं बाहेर ओढली, कुणीतरी हात घालून किल्लीच काढून घेतली. तो बिचारा गॉगल काढून हात जोडाय लागला, "मेव्हणा हाय ओ मी त्यांचा, मेव्हणा! आजऱ्यासनं आलोय काल!"

"आजऱ्याचा हाईस तर सकाळच्या पारी गॉगल कशाला लावलास?" आत्ती म्हणाली.

त्येनं गॉगल गपकन खिशात टाकला.

शेवटी मॅडमनी काकांस्नी फोन लावला. काका तापानं फणफणल्याले, फोन बायकोनं उचलला. मेव्हणाच हुता, सख्खा. किल्ली दिली, पोरं परत बसली, दूधवाल्यानं त्येच्या पाठीवर थाप मारली. माझी लेक तेवढी माझ्या कडंवर ऱ्हायली. मी तिला सोडलीच न्हाय. व्हॅन तिच्याबिगर गेली.

त्याच दुपारी मी पुस्तक अर्ध्यातनं वाचनालयात देऊन आले. घरात ठेवायला नको वाटलं.

पण पुस्तक दिलं म्हणून भ्या कुठं जातंय? बुधवारी मेव्हण्यानं लांबनंच दोनदा हॉर्न दिला, दाराशी आलाच न्हाय. मी बी दार उघडलं न्हाय. निम्मं भ्या, निम्मी लाज. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. लेक दप्तर अडकवून उंबऱ्यात उभी.

"आई, हॉर्न वाजला."

"आज बरं न्हाय तुला."

"मला बरं हाय. तुला बरं न्हाय काय?"

मालक शुक्रवारी कामावरनं आले ते चिडूनच. ते सहाच्या बसनं जात्यात, मला गाडी चालवाय येत न्हाय, शाळा तर लांब. म्हणाले, "व्हॅनमधल्या जागेला मागनं माणसं नंबर लावून बसल्यात. काकांनी तुझ्या लेकीची जागा दुसऱ्याला दिली तर काय करणार? तुझी शाळा आठवीत सुटली. हिची बालवाडीतच सोडवतीस काय?"

ते मला लई लागलं.

शनिवारी दुपारी आत्तीनं मला ढकलतच वाचनालयात नेली. सात-आठ बायका, मधी चटई, चटईवर शेंगांची परात, पुस्तक मात्र न्हवतं. बाई म्हणाल्या, बाहेर गेलंय, येईल. आणि सुरू झाल्या की सगळ्या.

गिरणीवाल्या मावशी म्हणाल्या, "असली पुस्तकं ठेवूच नका ओ हितं. आमची सून नातीला अंगणात खेळाय दीना झालीया."

"उलट सगळ्यांनी वाचावं," कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्या वैनी म्हणाल्या, "हिनं वाचलंतं म्हणून जागी हुती. न्हायतर आपण कवा ड्रायव्हरचं तोंड बघतोय? मी तर बघतच न्हाय, डबा दिला की आत."

"मेव्हण्याला मार बसला असता त्येचं काय?"

"बसला न्हाय न्हवं? मग झालं."

वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "भीती वाटली म्हणजे लिहिणाऱ्याला जमलंय. पण शेवट फार घाईनं उरकलाय. गाठ न मारताच दोरा तोडल्यासारखा."

"ओ, शेवट सांगू नका!" तिघी एकदम ओरडल्या.

मग बाई माझ्याकडं वळल्या. "तुला काय वाटलं गं? तू सांग."

मंगळवारी गल्ली गोळा केल्याली बाई मी, आता गप बसून काय उपयोग? म्हटलं, "मला चांगलं का वाईट ते न्हाय सांगता येत. अर्धंच वाचलंय. पण त्यात ती पोरगी म्हंजे नुसती पळवायपुरतीच हाय ओ. ती कशाचा हट्ट करती, काय खात न्हाय, झोपताना कुणाचा कान धरती, काय म्हंजे कायच सांगितलं न्हाय. नुसतं वय आणि फ्रॉकचा रंग. मग ती जागा रिकामीच की. मी तिथं माझी लेक नेऊन बसवली. म्हणून मला तसलं भ्या वाटलं."

एवढं एका दमात बोलले आणि शेंगा सोलाय लागले, कुणाकडं बघितलंच न्हाय.

मॅडम म्हणाल्या, "हे मला नव्हतं सुचलं हं. मी भाजी शोधत बसले."

तेवढ्यात दारात कोण, तर व्हॅनवाले काका. गळ्याला मफलर, तोंड उतरल्यालं आणि हातात पुस्तक. मॅडमनी मेव्हण्याच्या हाती पाठवलंतं त्यांना, आपण का ओरडलो ते तरी कळू दे म्हणून. मी गिरणीवाल्या मावशींच्या मागं सरकले. त्या अंगानं भरल्याल्या हाईत, बरं पडलं.

"मला बी बोलायचं हाय ह्याच्यावर," काका चपला काढत म्हणाले.

"बोला की! बसा!"

"ह्या लिहिणाऱ्यानं," काकांनी पुस्तकावर बोट आपटलं, "एक दिवस बी पोरांची व्हॅन चालवलेली न्हाय." सगळ्या हसल्या. काका हसले न्हाईत. "आवो, आत धा-अकरा पोरं हाईत. एकीला मधीच उतरवून नेली आणि बाकीची गप बसली? कशी बसतील? माझ्या व्हॅनमधी एकानं डबा उघडला तर कुठली भाजी हाय ते सगळ्यास्नी कळतंय. मी एक वळण चुकलो तर मागनं बोंब मारत्यात, काका खुळं झालं, काका खुळं झालं. आणि ह्यात म्हणे कुणी बघितलंच न्हाय!"

"मग पुस्तक भंगार म्हणायचं का काका?"

"भंगार कसं? ताप असून हातातनं सुटंना. दोन येळंला गोळी घ्यायची इसरलो. नुसतं व्हॅनचं खोटं हाय."

मग त्यांनी मावशींच्या मागं वाकून बघितलं. "वैनी, लपू नका. तुमी बोंबलला ते बरोबरच. म्हाईत नसल्याल्या माणसाच्या हाती पोर देऊच नये. मी आदल्या रात्री सगळ्यास्नी फोन करायला पायजे हुता, तापात ऱ्हाऊन गेलं, चूक माझी. मेव्हण्यानं गॉगल मात्र सोडलाय आता." आत्तीनं मान हलवली, बरं झालं म्हणून. "सोमवारी लेकीला पाठवा. जागा तिचीच हाय. आणि भ्या वाटत असंल तर तुमी बी बसा की मागं. एकदा बघा तरी."

सोमवारी मी खरंच बसले. लेकीला बसवली आणि काका म्हणतील का न्हाय ते न बघताच आत चढले. काकांनी आरशातनं बघितलं, आणि गाडी सुरू करायच्या आदी मान वळवून हळूच म्हणाले, "सापडती ओ ती. शेवटनं तिसऱ्या पानावर."

"व्हय?" माझ्या डोळ्याला पाणीच आलं खुळ्यागत. "घरी आल्यावर काय खायला दिलं तिला?"

"ते न्हाय लिहिलं."

गुडघे हनवटीला लावून मी पोरांत बसलेली. समोर दुसरीतली एक पोरगी, दोन वेण्या, दाराशेजारची जागा तिचीच असावी. तिनं मला नखशिखांत बघितलं. "मोठी माणसं बसत न्हाईत ह्यात."

"माझी आई हाय," लेक म्हणाली. "आजच्यापुरती."

प्रत्येक दारात काका थांबायचे, कुणीतरी मोठं माणूस पोरगं हातात द्यायचं, मगच दार लागायचं. दार लागलं की ती वेणीवाली बोटानं सगळी मोजायची. एकदा माझ्यापाशी येऊन अडकली, "ह्यांना धरायचं का सोडायचं?" सगळ्यांनी ओरडून सांगितलं, सोडायचं. एकाच्या डब्यात मेथी हुती, ते बावड्याच्या अर्ध्या रस्त्याला कळलंतं. साखर कारखान्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्या लागल्याल्या, पोरं त्या बी मोजाय लागली, चार का पाच त्यावरनं भांडणं, एकजण रडाय लागला, दुसऱ्यानं त्येला चिक्की दिली. एवढ्या कालव्यात माझ्या छातीतलं धडधडायचं कवा थांबलं ते कळलंच न्हाय.

ट्रॉल्या मागं पडल्यावर व्हॅन एका गेटापाशी थांबली. लेकीनं माझा पदर ओढला.

"आई, तू उतर आता."

"का गं? मी शाळेपर्यंत येते की."

"न्हाय. हितं माझी मैत्रीण चढती. ही तिची जागा हाय. तू बसलीस तर ती कुठं बसंल?"

गेटात एक बारकी पोरगी आजोबांचं बोट धरून उभी, माझ्याकडंच बघत. मी आरशात काकांकडं बघितलं. ते फुडं रस्त्याकडं बघत हुते, मुद्दामच. मी वाकून, डोकं संभाळत उतरले. ती पोरगी चढली आणि माझ्या गरम जागेवर बसली, लेकीनं तिला लगेच कायतरी सांगाय सुरुवात केली, एवढ्या दिवसांचं साठल्यालं असंल. दार लागलं. आतनं मोजल्याचा आवाज आला आणि ह्या खेपंला आकडा कुठं अडला न्हाय.

आजोबांनी विचारलं, "पावणं कुठलं?"

"हितलीच हाय," मी म्हटलं, आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या कडंकडंनं घरला निघाले, चालतच, सावकाश.