गुरुवारी जन्मलेला बायेल

"तुम्ही या मुलाच्या कोण लागता?" व्हिसा कचेरीच्या खिडकीपलीकडच्या वेनेराबाईंनी विचारलं.

"आई," सालिमा म्हणाली. यात विचारण्यासारखं काय आहे, असाच तिचा सूर होता.

वेनेराबाईंनी बायेलचा जन्मदाखला पुन्हा एकदा वाचला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दाखल्यावर आई म्हणून आनारकान यांचं नाव आहे. वडील तोक्तोसून. तुमचं नाव कुठेच नाही."

सालिमा हसली. "ते माझे सासू-सासरे. चुकून पडलं असेल."

"चुकून एखादं अक्षर पडतं, बाई. आई आणि बाप दोघंही चुकून कसे पडतील? या कागदाप्रमाणे तुम्ही या मुलाच्या कुणी नाही. तुम्ही ज्याला नवरा म्हणता तो सबीर याचा थोरला भाऊ."

सालिमाने खिडकीची लाकडी फळी धरली. रांगेत मागे उभा असलेला एक तुर्की ठेकेदार "झालं का हो बाई?" म्हणून विचारत होता. त्याचे शब्द तिच्या कानावर येत होते, पण कुणी शेजारच्या खोलीत बोलत असावं तसे. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. बायेल जन्मला तेव्हा आपण दातांत दोरी धरली होती, त्या दोरीची चव अजून आठवते.

"मी कुणी नाही?" तिने विचारलं.

"मी नाही म्हणत. कागद म्हणतो."

सालिमा मूळची चीनमधल्या लिन्शियाची, हुई मुसलमानांच्या घरातली. पारपत्रावर तिचं नाव मा लिहुआ. किरगिझस्तानातल्या काराकोलमध्ये ते नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून घरात मशिदीतल्या मुल्लाने ठेवलेलं सालिमा हेच नाव चालू राहिलं. ती या देशात आली ती भाषा शिकायला, विद्यार्थी व्हिसावर. शिक्षण संपल्यावर बिश्केकच्या बाजारात चिनी व्यापाऱ्यांची दुभाषी झाली, तेव्हा व्हिसा व्यापाराचा झाला. पुढे कामाचा. दर वेळी प्रकार बदलायचा म्हणजे सीमा ओलांडून बाहेर जायचं, गावाकडे थांबायचं आणि नव्या प्रकारावर परत यायचं. बाकीचे लोक हिवाळ्याचे कपडे काढतात-ठेवतात तशी तिला याची सवय झाली होती.

बाजारातला माल काराकोलला नेणारा ट्रकवाला सबीर तिला तिथेच भेटला. बोलका, सतत सूर्यफुलाच्या बिया फोडणारा. मुल्लासमोर निकाह झाला. सरकारी नोंदणीसाठी ती अविवाहित असल्याचा दाखला तिच्या गावाहून यायचा होता. तो आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता मागे पडला. बायेल चार वर्षांचा असताना खिंडीत बर्फावरून सबीरचा ट्रक घसरला. त्यानंतर त्या दाखल्याचा उपयोगच उरला नाही.

सासरे त्याआधीच गेले होते. घरात आता सासू आनारकान, बायेल आणि सालिमा. सालिमा दिवसभर दाऊदच्या खानावळीत लगमानसाठी कणकेच्या लांब शेवया ओढायची. दाऊद दुंगान होता, म्हणजे तिच्याच रक्ताचा, शंभरेक वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्यांपैकी. त्याच्याच नावावर तिचा कामाचा व्हिसा होता. या उन्हाळ्यात दाऊदने दुखऱ्या गुडघ्यांपुढे हात टेकले आणि खानावळ बंद करून मुलाकडे राहायला जायचं ठरवलं. खानावळ संपली की व्हिसा संपला.

"घाबरता कशाला?" वेनेराबाईच तेव्हा म्हणाल्या होत्या. "मुलगा इथला नागरिक, तुम्ही त्याची आई. कुटुंबाचा व्हिसा घ्या. या खेपेला देशाबाहेर जायचंही कारण नाही. फक्त दाखला आणा."

त्या शब्दांवर सालिमा किती दिवस खूश होती! पहिल्यांदाच कुठेही न जाता तिचा व्हिसा बदलणार होता. सासूने पेटीतून काढून दिलेला दाखला तिने बायेलचं नाव तेवढं बघून पिशवीत ठेवला. किरगिझ ती घरच्यासारखं बोलायची, पण वाचायला बसली की डोळे दुखायचे. मुलाचा दाखला, त्यात वाचायचं काय?

ती घरी आली तेव्हा आनारकान-आपा ओसरीवर बसून कुरुतच्या, म्हणजे सुकवायच्या आंबट दह्याच्या, गोळ्या वळत होत्या. शेजारची बात्मा मदतीला होती.

"आपा, बायेलच्या दाखल्यावर आई म्हणून तुमचं नाव कसं?"

"मग कुणाचं असायला हवं?" आपांनी वर न बघताच विचारलं.

बात्मा फिसकन हसली. "अगं बाई! हिला सात वर्षांनी सुचलं विचारायला!"

"मी जन्म दिला त्याला."

"जन्म तू दिलास, कोण नाही म्हणतंय?" आपा म्हणाल्या. "पण पहिलं नातवंड आजी-आजोबांचं. हे काय आज ठरलं? सबीरसुद्धा त्याच्या आजीचाच मुलगा होता. मला मरेपर्यंत एजे म्हणाला, एकदाही आई म्हणाला नाही. मी कुठे कुणाला विचारायला गेले?"

एजे म्हणजे थोरली बहीण. बायेलही सालिमाला एजेच म्हणायचा आणि आनारकानला आपा, म्हणजे आई. सालिमाला ते गोड वाटायचं. या घरची लाडाची रीत असेल, असं तिने धरून चाललं होतं.

"मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

आता आपांनी हातातली गोळी खाली ठेवली. त्यांचा चेहरा खरोखर चकित झाला होता. "सांगितलं नाही? तुझ्यासमोर केलं की गं! माझ्या झग्याच्या गळ्यातून त्याला आत घातला आणि खालच्या घेरातून बाहेर काढला, तीनदा. तेव्हा समोर बसून तळलेले बोरसोक कोण खात होतं?"

"अन् टाळ्या पण वाजवल्यास," बात्मा म्हणाली. "आम्ही म्हटलं, परदेशी सून, पण केवढ्या मोठ्या मनाची!"

सालिमा पायरीवर बसली. तिला सगळं आठवलं. डोंगरावरच्या कुरणातला नमद्याचा तंबू, नुकताच चाळीस दिवसांचा झालेला बायेल, रांगेने बसलेल्या बायका. दोन दिवसांनी तिला व्हिसा बदलायला गावाकडे जायचं होतं. सासूने बाळाला गळ्यातून आत सरकवलं तेव्हा आत तो रडायला लागला, आणि खालून बाहेर आला तेव्हा सगळ्या ओरडल्या, "मुलगा झाला! मुलगा झाला!" नजर लागू नये म्हणून काहीतरी करत असतील असं वाटून ती हसली होती. टाळ्याही वाजवल्या होत्या. आपल्या हाताने आपण मूल देऊन टाकलं होतं, आणि वर गरम बोरसोक आहेत म्हणून आणखी दोन मागून घेतले होते.

ती परत येईपर्यंत दूध आटलं होतं आणि नोंदणीही झाली होती. तंबूत जन्मलेलं मूल, साक्षीदार गावचेच, आणि नोंदणी करणारा सासऱ्यांचा मावसभाऊ. पन्नाशी उलटलेल्या बाईला मूल कसं झालं, हे त्याने विचारलं नाही.

"मुद्दाम केलं नाही," आपा हळू आवाजात म्हणाल्या. "तू परत येशील की नाही कुणाला ठाऊक होतं? बाकीच्या परदेशी बायका कुठे परत आल्या?"

"मी आले."

"आलीस."

वेनेराबाईंनी उपाय सांगितला होता. आनारकानने न्यायाधीशापुढे उभं राहून सांगायचं, की हे मूल माझं नाही, सुनेचं आहे. रक्ताची तपासणीही होईल, पण मुख्य गोष्ट तीच. त्याशिवाय काही हलणार नाही. सालिमाने ते सांगितलं आणि आपा ताडकन उठल्या.

"हे माझं नाही असं मी माझ्या तोंडाने म्हणू? सबीरच्या आधीची माझी दोन गेली. सबीर गेला. हा एक जिवंत राहिला, तर याच्याकडे बोट दाखवून सांगू, हा माझा नाही, घेऊन जा? ऐकणारा फक्त न्यायाधीश असतो का? मरणही ऐकतं."

"आपा, नाहीतर मला जावं लागेल. आणि त्याला मी नेऊ शकत नाही. कागदावर मी त्याची कुणीच नाही."

"मी खोटं बोलणार नाही," आपा म्हणाल्या आणि आत गेल्या.

बात्माने कुरुतची परात झाकली आणि आपल्या वाटेने निघून गेली. एवढ्या वर्षांत ती कधी काही न बोलता गेली नव्हती.

पुढचे दिवस त्या घरात भांड्यांचाच आवाज होता. दाऊदने खानावळीतली मोठी कढई विकली. सालिमाने लिन्शियाच्या चुलतभावाला फोन करून बसची चौकशी केली. त्याने विचारलं, "कुणाला आणतेयस बरोबर?" तिने फोन कानापासून दूर धरला. फोन कट झाला असं समजून तो बराच वेळ "हॅलो, हॅलो" करत राहिला.

शेवटी बायेलनेच विषय काढला. जेवताना सालिमाच्या बांधलेल्या पिशवीकडे बघून तो म्हणाला, "आपा, एजे व्हिसा बदलायला चालली आहे का? मागच्यासारखी परत येईल ना?"

आपांच्या हातातला पियाला तसाच राहिला. मागच्या खेपेचं या पोराला आठवणं शक्य नव्हतं. त्याला हे कुणीतरी सांगितलं होतं, आणि आपांशिवाय सांगणार कोण? आपा सालिमाकडे वळल्या. मग एकदम म्हणाल्या, "तुझा तो निळा झगा आहे ना, रुंद गळ्याचा? तो अजून होतो का तुला?"

"कशाला?"

"होतो का ते सांग."

गुरुवारी आपांनी गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं. बोरसोकची मोठी परात भरली. सालिमाला अंगणात मधोमध उभं केलं आणि बायेलला पुढे ढकललं. तेव्हा कुठे सालिमाला कळलं काय चाललंय.

"मला नाही जायचं आत!" बायेल ओरडला. "मी शाळेत जातो!"

"गप रे! जन्माला येताना कुणी असं बोलतं का?" आपांनी त्याचं डोकं सालिमाच्या निळ्या झग्याच्या गळ्यात घातलं. सात वर्षांचं पोर ते, खांद्यापाशीच अडकलं. बायकांनी वरून दाबलं, बात्माने खालून पाय ओढले. सालिमाच्या पोटावरून त्याचे कान, कोपर, गुडघे घासत गेले. शिवण टरकन उसवली आणि बायेल धूळभरल्या जमिनीवर आदळला.

"मुलगा झाला!" आपा ओरडल्या. त्यांचा आवाज फाटला. "सालिमाला मुलगा झाला!"

टाळ्या वाजल्या. या वेळी सालिमाने परातीतला एकही बोरसोक घेतला नाही. समोर आनारकान-आपा दोन्ही हात रिकामे करून उभ्या होत्या, आणि आपण तेव्हा नकळत काय दिलं होतं आणि त्यांनी आज जाणूनबुजून काय दिलं, हे एकदमच तिच्या अंगावर आलं.

न्यायालयात न्यायाधीशांनी आनारकानना विचारलं, "हा मुलगा तुमचा आहे का?"

"होता," आपा म्हणाल्या. "सात वर्षं माझा होता. गुरुवारी सुनेला झाला. अख्खी गल्ली साक्षीला आहे. मी खोटं बोलत नाही."

न्यायाधीश तिथलेच होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "माझी आजीही असंच..." एवढं म्हणून ते थांबले, आणि मग तपासणीचा अहवाल मागवला. अहवालात नवीन काही निघणार नव्हतं.

दुरुस्त झालेला दाखला घेऊन सालिमा पुन्हा त्या खिडकीपाशी गेली, तेव्हा दाऊदच्या खानावळीच्या दाराला फळ्या ठोकल्या होत्या. बरोबर बायेल होता. आपा बाहेर बाकावर बसल्या होत्या, आत यायला तयार नव्हत्या.

वेनेराबाईंनी दाखला वाचला. त्यांना सगळं माहीत होतं. तरी प्रश्न विचारावाच लागतो.

"तुम्ही या मुलाच्या कोण लागता?"

सालिमाने तोंड उघडलं. उत्तर एका शब्दाचं होतं. मान वळवून ती दारातून बाकाकडे बघत राहिली. तिकडे आपा पाठमोऱ्या बसल्या होत्या.

बायेलने टाचा उंचावून फळीवर हनुवटी टेकवली. "मी हिच्यातून निघालो," तो वेनेराबाईंना म्हणाला. "झगा फाटला. अजून शिवायचाय."

वेनेराबाईंनी शिक्का उचलला.