मेणाची गोष्ट

डिक्शनरीसर निवृत्त झाले तरी त्यांची खोड काही गेली नव्हती. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि रोज फळ्याच्या कोपऱ्यात एका शब्दाची जन्मकथा लिहिली. पोरं व्याकरण विसरली, गोष्टी विसरली नाहीत. सरांची सगळ्यात लाडकी गोष्ट ‘सिन्सिअर’ची. जुन्या काळी लबाड कारागीर मूर्तीतल्या चिरा मेणानं बुजवत. प्रामाणिक कारागीर म्हणे, माझी मूर्ती मेणाविना आहे. ‘मेणाविना’साठी जे लॅटिन शब्द होते, त्यांचा झाला सिन्सिअर. सर हे असं रंगवून सांगत की मागच्या बाकावरचे कुंभकर्णही जागे होत.

त्या मंगळवारी सकाळी ते नव्या कोशात भलताच शब्द शोधत होते, तेव्हा नजर ‘सिन्सिअर’वर पडली. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शुद्ध, निर्मळ. मेणाच्या गोष्टीला पुरावा नाही. त्यांनी घाईनं जुना कोश काढला. त्यातही तो शब्द होता, मेण कुठेच नव्हतं. हा कोश बत्तीस वर्षं त्यांच्या उशाशी होता, आणि या एका शब्दासाठी त्यांनी तो कधी उघडला नव्हता. गोष्ट इतकी गोड, की ती खरी आहे का हे विचारावंसंच वाटलं नाही. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“एक शब्द चुकला म्हणून काय आभाळ कोसळलं?” बायको म्हणाली. “अहो, कुणाच्या लक्षातही नसेल.”

“एकाच्या आहे,” म्हणत सरांनी पायांत चपला सरकवल्या.

तो एक म्हणजे त्यांचा जुना विद्यार्थी, दगडी पाट्यांवर नावं कोरणारा पाथरवट. पूर्वी दोघं भाऊ मिळून काम करत. एकदा एका कोनशिलेला बारीक चीर गेली आणि धाकट्यानं ती मेण नि दगडाची भुकटी घालून बुजवली. थोरल्यानं, म्हणजे या पाथरवटानंच, गिऱ्हाइकांसमोर नखानं मेण उकरलं आणि वर सरांची गोष्ट ऐकवली. धाकटा त्याच दिवशी छिन्नी ठेवून निघून गेला. अकरा वर्षं झाली. सरांच्या निरोप समारंभात पाथरवटानं हे अभिमानानं सांगितलं होतं, आणि सरांनी त्याची पाठ थोपटली होती.

पाथरवट एका पाटीवर वाकून बसला होता. सरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

“मग चीर बुजवायला हवी होती का, सर?”

“नाही रे. चीर लपवायची नव्हतीच. पण चार लोकांत सख्ख्या भावाची अब्रू काढलीस, ती माझ्या गोष्टीच्या जोरावर. आणि मी वर शाबासकी दिली.”

पाथरवटानं हातातली छिन्नी पुसून बाजूला ठेवली.

“गोष्ट खोटी निघाली, सर. पण भाऊ गेला तो खराच की.” मग हळूच म्हणाला, “तुम्ही त्याला लिहाल का? मी कितीदा बसलो लिहायला. पहिल्या ओळीलाच अडतो.”

सर तिथेच ओट्यावर टेकले. पहिली ओळ त्यांनी स्वतःच्या चुकीची लिहिली, मग खाली पाथरवटाला जागा सोडली. त्यानं कोरीव अक्षरांत दोनच शब्द लिहिले: ये परत.

“पत्ता शोधून ठेव,” सर म्हणाले.

पाथरवटानं काही शोधलं नाही. मान खाली घालून त्यानं पत्ता सांगितला, घर क्रमांकापासून पिनकोडापर्यंत, न अडखळता.